सासू उठायच्या आत

चांगली गोष्ट कोणती, असे मी चिमामावशींना एकदा विचारले होते. त्या म्हणाल्या, "जी सासू उठायच्या आत संपते ती."

हे त्यांनी थट्टेने सांगितले नव्हते. नाशकात आमच्या आळीत दुपारची जेवणे उरकून, खरकटी काढून, चूल सारवून सुना मोकळ्या होत तेव्हा दीड वाजलेला असे. सासवा पाठ टेकत, त्या सव्वादोनला उठत. मधली पंचेचाळीस मिनिटे सुनांची. त्या वेळी चिमामावशी लाल फडक्यात बांधलेली पोथी घेऊन कोणाच्या तरी घरी जात. आठवड्याचे सात वार आणि सात घरे. प्रत्येक घरी शिधा मिळे आणि त्यावर त्यांचे भागे. दुसरा आधार त्यांना नव्हता. सासूला वाटे, सुनेच्या कानांवर चार पुण्याची अक्षरे पडताहेत. सूनही तोंड गंभीर करून बसे. आणि पोथीत असे एका कॉलेजातल्या मुलाची आणि एका डॉक्टराच्या मुलीची गोष्ट. दोघांच्या छत्र्या बदलल्या गेल्या आणि त्यातून ओळख झाली, अशी.

हे मला ठाऊक होते, कारण या गोष्टी ज्या मासिकात येत ते मासिक वाचनालयातून माझ्या नावावर घरी येत असे.

मी तेव्हा सरकारी मोजणी कचेरीत कारकून होतो. सन तेहेतीसच्या सुमारास आम्ही त्या घरात राहायला गेलो. मागल्या अंगाच्या खोलीत चिमामावशी आधीपासून राहत होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. अंगावर विधवेचे आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला, चालताना नजर जमिनीवर. लोक म्हणत, बाई फार विरक्त. खरे म्हणजे त्या चालता चालता गोष्टीतली वाक्ये कमी करत असत. एकदा विहिरीजवळ मी त्यांना स्वतःशी पुटपुटताना ऐकले. मला वाटले जप चालला आहे. जवळ गेलो तर त्या म्हणत होत्या, "वासंतीच्या गालांवर गुलाब फुलले. नको. वासंती लाजली. पुरे."

मासिक घरी आले की त्या आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसत आणि आधी प्रत्येक गोष्टीचा शेवट वाचत. शेवट गोड असला तर पहिले पान काढायचे, नाही तर पुढली गोष्ट. निवडलेली गोष्ट त्या लांबट सुट्या पानांवर बोरूने उतरवून काढत, अगदी पोथीच्या वळणाने. वर 'श्रीगणेशाय नमः', एका बाजूला नऊ ओळी, आणि गोष्ट नेमकी चौदा पानांची. मला मोजायची खोड आहे म्हणून सांगतो. चौदा पानांच्या अठ्ठावीस बाजू आणि दोनशे बावन्न ओळी होतात, आणि पोथीच्या चालीवर पंचेचाळीस मिनिटांत तेवढेच वाचून होते. मूळ गोष्ट लांब असली तर त्या छाटून चौदा पानांत बसवत. चंद्राची वर्णने पहिल्यांदा जात.

"चंद्र एका ओळीत उगवला पाहिजे, भाऊ," त्या म्हणत. "बाकी उजेड ऐकणारी पाडून घेते."

चाल सोडून चालत नसे. आतल्या खोलीत सासूचा डोळा लागलेला असे तो त्या चालीवरच. चाल थांबली की ती जागी होणार. त्यामुळे छत्र्यांची अदलाबदल, चुकीच्या पत्त्यावर गेलेले पत्र, मैत्रिणीच्या लग्नात झालेली फजिती, सगळे मावशी पुराणाच्या सुरात म्हणत. पोथीत असते तसे नायक बोलायच्या आधी 'सुधाकर उवाच' असे लाल शाईने लिहीत. हसायची जागा आली की सुना तोंडात पदर कोंबत. आतून सासू अर्धवट झोपेत "नारायण, नारायण" म्हणे.

मी एकदा म्हणालो, "मावशी, ही शुद्ध फसवणूक आहे."

"एका आठवड्याला खरा अध्याय वाचते, दुसऱ्या आठवड्याला गोष्ट," त्या म्हणाल्या. "देवाचं देवाला पोचतं. फसवते ती फक्त सासूला."

अशा सतरा गोष्टी त्यांनी तीन वर्षांत उतरवल्या आणि त्या एकाच लाल फडक्यात बांधल्या. त्यातल्या पाचसहा गोष्टी बायका पुन्हा पुन्हा मागत.

एका गोष्टीवरून माझा त्यांच्याशी वाद झाला होता. मासिकात नायिका शेवटी क्षयाने वारली होती. मावशींच्या पानांत ती जिवंत होती. क्षय नव्हताच, हिवताप होता, कोयनेल दिले आणि बरी झाली, असे त्यांनी लिहिले होते. मी विचारले, दुसऱ्याचे लिहिणे बदलायचा आपल्याला काय अधिकार?

"त्यानं मारली, मी वाचवली. पाप कुणाला लागेल, सांगा," त्या म्हणाल्या. मग बोरू धुता धुता पुढे बोलल्या, "भाऊ, या पोरींना रडायला काय गोष्ट लागते? घर पुरतं. माझ्याकडं त्या पाऊण तास येतात. त्यात मी कुणाला मारणार नाही."

आमची मंडळी फटकळ. तिने एकदा मावशींना सरळच विचारले, की तुमचा संसार झाला नाही, मग तुम्हाला या प्रेमाबिमातले काय कळते? मला बसल्या जागी अवघडल्यासारखे झाले. मावशी अकराव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. नवरा प्लेगात गेला. लग्नात दिसला तेवढाच.

मावशी रागावल्या नाहीत. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हे पेठ-सुरगाण्यापर्यंत जमिनी मोजत हिंडतात. त्यातली यांची किती आहे?"

मंडळी हसली. मावशीही हसल्या. नंतर आपणहून म्हणाल्या, "त्याला बोरं आवडायची. मांडवात माझ्या हातात एक कोंबलं होतं. आंबट होतं. एवढंच कळलं मला त्याच्याविषयी." या विषयावर त्या एवढेच बोलल्या. आम्हीही पुन्हा विचारले नाही.

गुरुवारचे घर राधाबाईंचे. आमच्यापासून दोन घरे पलीकडे. राधाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण देवधर्म कडक. एकुलता मुलगा दत्तू देवळाली कॅम्पात एका मोठ्या दुकानी कारकून होता. तिकडेच खोली करून राहायचा, शनिवारी घरी यायचा. सून यमू, नांदगावची, एकोणीस वर्षांची. तिच्याशी दत्तू शनिवारीसुद्धा फारसे बोलत नसे. यमू माहेरी मराठी चौथी पास झाली होती, पण सासरी हे सांगितलेले नव्हते. कारण लग्न ठरतानाच राधाबाई म्हणाल्या होत्या, "शिकलेली पोर घर धरत नाही. असली निघाली तर आल्या पावली परत धाडीन." दत्तूला ठाऊक होते की नाही, मला सांगता येणार नाही.

मावशींना ते कळले ते असे. एका गुरुवारी वाचता वाचता त्यांची नजर घसरली. यमू त्यांच्या खांद्यामागून हळूच म्हणाली, "मावशी, एक ओळ सुटली." तेव्हापासून यमू पाण्याच्या निमित्ताने आमच्याकडे येई आणि खिडकीशी उभी राहून मासिकाची दोनचार पाने वाचून जाई. मी बाहेरून आलो की अंक ठेवून पाणी भरायला लागे.

पुढे दत्तू तीन शनिवार आलाच नाही. राधाबाईंनी निरोप धाडले, त्यांना उत्तर नाही. त्याच सुमारास मावशींना हिवताप आला. गुरुवारी वाचता वाचताच थंडी भरली, म्हणून पोथी तिथेच ठेवून त्या कशाबशा घरी आल्या आणि पाच दिवस अंथरुणात होत्या. राधाबाईंनी पोथी देवघरात ठेवली. रोज फूल वाहू लागल्या, हळदकुंकू लावू लागल्या. मग त्यांच्या मनाने घेतले, की दत्तू घरी यावा म्हणून याच पोथीचा सप्ताह करायचा. आमच्या मंडळीला त्या म्हणाल्या, "ही पोथी ऐकली ना, की आमच्या सूनबाईचं तोंड दोन दिवस उजळलेलं असतं. मी पाहिलंय. इतर पोथ्यांनी असं होत नाही. जागृत आहे ही."

मंडळी घाबरून मावशींकडे गेली. मावशी तापात होत्या. "आणा ती पोथी," एवढेच म्हणाल्या. पण ती आणणार कशी? देवघरातली पोथी, तीही सोवळ्यात ठेवलेली. यमूने एकदा प्रयत्न केला तर राधाबाई ओरडल्या, "हात लावू नकोस, संकल्प सोडलाय!"

सप्ताहाला नाना उपाध्ये बसले. म्हातारे, मोतीबिंदू झालेले, पण चाल अशी की दोन घरांपलीकडे ऐकू जावी. आळीतल्या वीसबावीस बायका जमल्या होत्या. आमची मंडळी त्यांत होती, तिच्याकडून मी हे ऐकले. नानांनी आचमन केले, पोथीवर पाणी शिंपडले, फडके सोडले, पहिले पान डोळ्यांजवळ धरले आणि वाचायला लागले:

"श्रीगणेशाय नमः. सुधाकरने कॉलेजची पायरी उतरताना तिसऱ्यांदा मागे वळून पाहिले. सुधाकर उवाच. आपली छत्री माझ्याकडे राहिली आहे."

हे त्यांनी पूर्ण चालीत म्हटले. बायकांनी हात जोडलेले होते. नानांनी पुढली ओळही तशीच म्हटली, कारण जीभ पन्नास वर्षांच्या सवयीने पुढे चालली होती. मग ते थांबले. पान डोळ्यांच्या अजून जवळ नेले. मागचे पान पाहिले, पुढचे पाहिले. राधाबाई म्हणाल्या, "नाना, थांबलात का?" मागे बसलेल्या सातजणींना पुढली ओळ तोंडपाठ होती, असे मंडळीने सांगितले. कोणीही डोळे वर केले नाहीत.

संध्याकाळी राधाबाईंच्या ओटीवर नाना, आळीतले दोन वडीलधारे आणि मी बसलो. मला बोलावणे आले ते मावशी आमच्याच घरात राहत म्हणून. या गोष्टी मासिकातल्या असणार हे वडीलधाऱ्यांपैकी एकाने ओळखले होते. चिमामावशींना अंगात ताप असताना दाराशी आणून बसवले होते. राधाबाई आत होत्या, यमू त्यांच्या मागे.

सुरुवातीला कोणाच्या मनात फार काही नव्हते, हे मला सांगितले पाहिजे. नाना स्वतःच म्हणाले, "कुण्या टवाळ पोरानं पानं बदलली असतील. बाईला काय कळतंय! मागचं पाठ असतं, म्हणत जाते. पोथी शुद्ध करून घेऊ आणि सोडून देऊ." वडीलधाऱ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यावर मिटले असते.

मग एकाने मला सहज विचारले, "ते मासिक कोणाच्या नावावर जातं, हो?"

"माझ्या," मी म्हणालो. आणि विचारले नव्हते ते पुढे सांगितले. "एकतीस अंक. तीन वर्षांत. चिमामावशींसाठी."

मला अर्धवट उत्तर देता येत नाही. कचेरीत याचा उपयोग होतो. त्या ओटीवर माझा आकडा पडला. एकदोन अंक म्हटले असते तर चूक ठरली असती. एकतीस ही चूक असू शकत नाही. नानांनी कपाळाला हात लावला.

"मग सूनबाई?" दुसरे वडीलधारे म्हणाले. "तिलाही हे ठाऊक होतं का? ती वाचते का? तुमच्याकडे येत असते ना ती?" प्रश्न मलाच होता.

आत बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या. मी तोंड उघडले. काय सांगणार होतो, ते मला माहीत आहे.

"तिला अक्षर येत नाही," चिमामावशी दारातून म्हणाल्या. ताप होता तरी आवाज चांगला मोठा होता. "म्हणून तर तिच्याकडं वाचत होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच फसवता येतं. तिला ते पुराणच वाटलं. तिच्यापुढं पुस्तक उलटं धरलं तरी कळायचं नाही. विचारा या भाऊंना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी गप्प बसलो. ते त्यांनी होकार म्हणून घेतले.

राधाबाई आतून म्हणाल्या, "अक्षर नाही, ते बरं आहे. नाहीतर आजच नांदगावची गाडी दाखवली असती."

रात्री जेवताना मंडळी मला म्हणाली, "खरं बोललात, ठीक आहे. पण 'कोणासाठी' असं विचारलं होतं का कुणी?"

नऊ दिवसांत सातही घरे बंद झाली. कोणी भांडले नाही. सोमवारच्या घराने निरोप धाडला की पाहुणे आहेत, मंगळवारच्या घरी सोयर निघाले, शुक्रवारच्या घरी दाराला आतून कडी होती आणि आत माणसे बोलत होती. पोथीचे काय करायचे यावर नाना दोन दिवस अडले होते. असले लिखाण जाळावे असे वडीलधाऱ्यांचे मत. पण प्रत्येक गोष्टीवर 'श्रीगणेशाय नमः' होते, ते जाळणार कसे? शेवटी दोनशे अडतीस पाने फूल वाहून गंगेत म्हणजे आमच्या गोदावरीत सोडली. मी ते मावशींना सांगायला गेलो तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "नाहीतर गंगेच्या वाट्यालाही नुसती पुराणंच येतात."

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हाताने झटकल्यासारखे केले. "तुम्ही एकतीस म्हणालात. मला वाटत होतं तीस. मी एक विसरले होते." मग त्या म्हणाल्या, "दुसऱ्या वेळेला गप्प बसलात ना? पुरे झालं. त्या पोरीला आता जन्मभर आंधळ्यासारखं राहावं लागेल अक्षरांपुढं. ते पाप माझ्याकडं. तुमच्याकडं नाही."

दत्तू पुढल्या शनिवारी घरी आला. सप्ताह अर्धवट राहिला असून आला, त्याबद्दल राधाबाई काही बोलल्या नाहीत. यमू आमच्याकडे येईनाशी झाली. कधी बोळात दिसली आणि वाण्याच्या पुडीचा छापील कागद हातात असला तर ती तो चुरगळून मुठीत धरी.

जेवणासाठी आमच्याकडे या, असे मंडळीने मावशींना चारदा सांगून पाहिले. "तुमची मी शेजारीण आहे," त्या म्हणाल्या. "आश्रित झाले की मला तुमच्या चुलीपाशी बसून चेष्टा करता यायची नाही." महिनाभर त्यांनी कशावर काढला हे मला माहीत नाही. मग चांदवडच्या पुतण्याचे पत्र आले, की येऊन राहा, पोरे सांभाळायला माणूस हवेच आहे. पुतण्या कांद्याची शेती करी. घरात छापलेला कागद म्हणाल तर पंचांग, असे मावशीच सांगत.

त्यांना पोचवायला मी मोटारस्टँडवर गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील. सामान म्हणजे एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. चांदवडहून आलेली मोटार उभी होती, तीच थोड्या वेळाने परत जाणार होती. उतारूंमध्ये राधाबाईंची बहीण होती, तिला न्यायला राधाबाई आणि यमू आल्या होत्या. मला ते अगोदर कळते तर मी मावशींना उशिरा आणले असते.

राधाबाईंनी मावशींना पाहिले आणि तोंड फिरवून बहिणीशी बोलू लागल्या. मावशीही मोटारीच्या आडोशाला सरकल्या. यमू हातात बोचके घेऊन दोघींच्या मध्ये उभी होती. ती एकदम दोन पावले पुढे आली आणि राधाबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मावशी, या पाटीवर काय लिहिलंय हो?"

मोटारीच्या कपाळावर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरे होती. यमू त्यांच्याकडे न पाहता मावशींकडे पाहत होती.

मावशींनी आलवणातून हात बाहेर काढला, टाचा उंचावल्या आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवले. "ना," त्या म्हणाल्या. "शि. क."

"नाशिक," यमू म्हणाली.

"ते. चां. द."

यमूचे ओठ बोटामागोमाग हलत होते. लहान मुले करतात तसे, प्रत्येक वेळी एक अक्षर मागे राहून.

"चल गं," राधाबाई म्हणाल्या. "तुला काय करायचंय कुठं काय लिहिलंय ते." यमू वळली, बोचके कमरेवर घेतले आणि सासूच्या मागोमाग निघाली.

शेवटची दोन अक्षरे राहिली होती. मावशींनी ती म्हटली नाहीत, पण बोट तिथेच ठेवले. मोटारवाल्याने पेटी टपावर चढवली आणि त्यांना दोनदा हाक मारली.